मुक्कामाची नोंद आणि महिन्याचा हिशेब

अमुक महिन्यात अमुक इतके प्रवासी उतरले, गतवर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत ही वाढ इतके टक्के. पर्यटनाविषयीच्या सरकारी तक्त्यांची ही नेहमीची भाषा. वर्तमानपत्रे ती जशीच्या तशी छापतात आणि आपण ती वाचून पुढे जातो. ही मोजणी मुळात पर्यटनासाठी जन्माला आलेली नाही, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिचा उगम पोलिसांच्या नोंदवहीत आहे, तिची वाढ करखात्याच्या देखरेखीखाली झाली, आणि पर्यटन खात्याच्या टेबलावर ती अगदी उशिरा येऊन पोचली. हा इतिहास सांगण्यासाठी मी गुरुग्रामचे उदाहरण घेतो. माझ्या नोकरीच्या काळात या शहराशी माझा निकटचा संबंध आला, हे एक कारण. आणि पर्यटनस्थळ म्हणून ज्याचे नाव कोणी घेणार नाही अशा या शहरात रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, हे दुसरे.

मराठी वाचकाला या भागाचा आणखी एक धागा ठाऊक असावा. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही केली आणि यमुनेकाठचा जो मुलूख इंग्रजांना दिला, त्यात गुडगावचा प्रदेशही गेला. त्याआधीच्या मुक्कामसंस्कृतीची खूण गावांच्या नावांत उरली आहे. आजच्या पालम विहारजवळ, नव्या वसाहतींनी वेढलेले ‘सराय अलावर्दी’ नावाचे गाव आहे. शेरशहाने दर दोन कोसांवर सराई बांधविल्याचे आपण शाळेत शिकलो. परंतु त्या सराईत उतरणाऱ्यांची मासिक बेरीज कोणाला हवी होती असे दिसत नाही. सराई ही सोय होती, आकडेवारीचे केंद्र नव्हे.

ते स्थित्यंतर १८६७ च्या सराई कायद्याने घडविले. तोपर्यंत गुडगाव जिल्हा पंजाब प्रांतात गेला होता आणि १८५७ चा उठाव राज्यकर्त्यांच्या स्मरणातून गेला नव्हता. या कायद्याने प्रत्येक सराईची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करणे बंधनकारक झाले. दंडाधिकाऱ्याने हुकूम केल्यास, आदल्या दिवशी वा रात्री उतरलेल्या प्रत्येक माणसाची माहिती सराईवाल्याने तोंडी किंवा लेखी कळवावयाची होती. लेखी माहितीसाठी कोरे तक्ते सरकारच पुरविणार होते. संसर्गजन्य रोगाने कोणी आजारी पडला वा दगावला, तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावयाची. माझ्या मते आजच्या हॉटेलातील नोंदवहीची वंशावळ येथे सुरू होते. कोण आला, कुठून आला, कुठे जाणार, या रकान्यांमागचा प्रश्न ‘पाहुणा सुखात आहे ना’ असा नव्हता. तो ‘हा माणूस कोण आहे’ असा होता.

पुढची पायरी परकीयांची. १९३९ च्या नियमांनी परदेशी पाहुण्याची माहिती ‘सी’ नमुन्यात कळविण्याची जबाबदारी हॉटेलवाल्यावर टाकली, १९४६ च्या कायद्याने परकीयांवरील एकूण नियंत्रणाला कायमचा आधार दिला. हे दोन्ही जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. कागदाची जागा त्याआधीच संगणकाने घेतली होती. कर्तव्य मात्र तेच राहिले.

मग आले करखाते. १९८० चा हॉटेल-प्राप्तीवरील कर, १९८७ चा खर्चकर, महाराष्ट्राचा १९८७ चा आणि हरियाणाचा २००७ चा चैनीच्या वस्तू-सेवांवरील कर, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. या प्रत्येकाने खोलीच्या भाड्यावर एक रेघ ओढली. रेघेच्या वरची खोली सरकारला दिसू लागली आणि खालची अंधारात राहिली. वस्तू व सेवा कराच्या पहिल्या पाच वर्षांत एक हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला माफी होती; ती १८ जुलै २०२२ रोजी संपली. गरीब प्रवाशाच्या दृष्टीने माफी योग्यच होती. तिचा दुसरा परिणाम असा की, ज्या मुक्कामांची माहिती नियोजनाला सर्वाधिक हवी, तेच कराच्या कागदांतून निसटले.

पर्यटन खात्याने देशांतर्गत पर्यटकाची व्याख्या केली ती याच नोंदवह्या समोर ठेवून. नेहमीच्या निवासस्थानाबाहेर जाऊन हॉटेलात किंवा धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना, अग्रशाळा, छत्रम अशा ठिकाणी किमान चोवीस तास आणि कमाल सहा महिने राहणारा तो पर्यटक. हेतू करमणुकीचा, तीर्थयात्रेचा, व्यवसायाचा, शिक्षणाचा किंवा आरोग्याचा असावा. शेरशहाची सराई आणि दक्षिणेतले छत्रम एका सरकारी वाक्यात शेजारी बसलेले पाहून मला नेहमी गंमत वाटते. राज्यांनी निवासस्थानांकडून मासिक विवरणपत्रे मागवायची, त्यांची बेरीज केंद्राकडे पाठवायची, ही पद्धत. तीत एकच माणूस तीन राज्यांत उतरला तर तीन भेटी धरल्या जातात. २०१९ मधील सुमारे २३२ कोटी आणि महासाथीच्या २०२० मधील सुमारे ६१ कोटी हे आकडे माणसांचे नसून भेटींचे आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता महिन्याकडे वळू. तक्ता इंग्रजी महिन्यांनी चालतो; प्रवासी पुष्कळदा तिथीने चालतो. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली आणि २०२४ साली १७ जुलैला. मधे अधिक श्रावण येऊन गेला होता. पंढरपूरच्या जूनची जूनशी तुलना केली, तर २०२४ मध्ये वारकऱ्यांनी पाठ फिरवली असे एखाद्या परक्या अभ्यासकाला वाटेल. गुरुग्रामात हेच निराळ्या रूपाने घडते. तेथील मोठी हॉटेले कंपन्यांच्या कामावर चालतात; सोमवार ते गुरुवार वर्दळ, शनिवार-रविवार ओसरती. दिवाळीत कार्यालये बंद, म्हणजे खोल्या रिकाम्या. दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या विशीतच आटोपली. शिवाय देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी, झाल्याखेरीज उत्तरेत लग्ने निघत नाहीत. ती २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला आणि २०२४ मध्ये १२ नोव्हेंबरला आली. साहजिकच दुसऱ्या नोव्हेंबरला लग्नाचे अकरा दिवस अधिक मिळाले. मग डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास, म्हणून लग्ने बंद. शीतलामातेची चैत्रयात्रा होळीनंतर लगेच सुरू होते, कारण तेथील चैत्र पौर्णिमान्त, आपल्या गुढीपाडव्याच्या पंधरा दिवस आधी लागणारा. पंचांग जवळ न ठेवता हा तक्ता वाचणे म्हणजे भरती-ओहोटी न पाहता होडी लोटण्यासारखे आहे.

हरियाणाने या जिल्ह्यात पर्यटन उभे केले तेही ऋतूंच्या भरवशावर. सोहन्याच्या गरम कुंडाजवळचे, दमदमा तलावाजवळचे आणि सुलतानपूरचे संकुल पक्ष्यांच्या नावांनी ओळखले गेले. सुलतानपूर १९७१ मध्ये अभयारण्य आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, म्हणून माणसेही तेव्हाच. यांतले बहुतेक दिल्लीकर संध्याकाळी घरी परततात. मुक्कामाच्या तक्त्यात ते उमटत नाहीत, आणि त्याची फार खंत करण्याचेही कारण नाही.

खंत वाटावी अशी गोष्ट रुग्णालयांच्या परिसरात आहे. गुरुग्रामात गेल्या दोन दशकांत मोठी रुग्णालये उभी राहिली. इराक, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान येथून आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. सोबतचा भाऊ, पत्नी, मुलगा आसपासच्या सेक्टरांतील गेस्ट हाऊसमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहतो. प्रत्यारोपण म्हटले की मुक्काम महिन्यांवर जातो. या मुक्कामाला ना दिवाळी ना खरमास. परदेशी असेल तर त्याची वर्दी पोलिसांकडे जाते, म्हणजे १८६७ च्या प्रश्नाचे उत्तर मिळते. देशी असेल आणि खोली नोंदणी नसलेल्या घरात असेल, तर तो कुठल्याच बेरजेत नाही. सहा महिने उलटले की व्याख्येप्रमाणे तो पर्यटकही उरत नाही. नगरपालिका पाणी, अग्निसुरक्षा, रात्रीची वाहतूक यांचा आराखडा करते तेव्हा हे शेकडो मुक्काम जमेस धरायला कागदच नसतो. निवासी भागातील गेस्ट हाऊसांवर कारवाईचा प्रश्न निघाला की वाद भूखंडाच्या वापरावर रंगतो; त्या रात्री आत झोपलेल्यांचे काय, हे विचारायला आकड्याचा आधार लागतो आणि तो मिळत नाही.

व्याख्येने आणखी एक मोठा वर्ग बाहेर ठेवला आहे. रजेवर मूळ गावी जाणारा, समारंभाला जाणारा आणि स्वतःच्या वा नातेवाइकांच्या घरी उतरणारा माणूस पर्यटक धरला जात नाही. गणपतीला कोकणात उतरणारे चाकरमानी, ज्यांच्यासाठी रेल्वे खास गाड्या सोडते, ते या हिशेबात शून्य. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००८-०९ आणि २०१४-१५ मध्ये घरोघरी जाऊन विचारले, तेव्हा रात्रीच्या मुक्कामाच्या सहलींत फार मोठा वाटा अशाच भेटींचा आणि कार्यांचा निघाला. हॉटेलची वही जे सांगत नाही ते उंबरठ्यावर विचारल्यावर कळले. पण ती पाहणी काही वर्षांतून एकदा, महिन्याचा तक्ता दरमहा.

परदेशी राहणाऱ्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांचे आगमन २०१४ पासून विमानतळावर वेगळे मोजले जाते. डिसेंबरच्या आकड्यात ते तुम्हाला सापडतील. तेथून टॅक्सी करून भावाच्या घरी साताऱ्याला किंवा नागपूरला पोचलात की पुढचे तीन आठवडे तुमचा मुक्काम कोणत्याही वहीत नाही.