135 किलोमीटरवरचा झेल

इंदापूर, शनिवार, 25 जून 1983. दिवस मावळलाय. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि मामांच्या गच्चीवर अँटेनाच्या लोखंडी पाइपाचा ताण धरून उभे आहात. पावसाळा लागलाय, पण या भागातला. ढग येतात आणि वारं त्यांना घेऊन जातं.

दुपारी बारामतीहून एसटीनं आलात, तेव्हा मांडीवर चपट्या वायरचं भेंडोळं होतं. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा बारामतीपासून सरळ रेषेत 90 किलोमीटर, इथून 135 च्या पुढं. गड 1,300 मीटर उंच, तरी इथवर येता येता पृथ्वीची गोलाई त्याला झाकते. लहरी किंचित वाकून पलीकडं उतरतात, पण फार क्षीण होऊन. ते उरलंसुरलं गोळा करायचं, हा मामांचा छंद.

वर अ‍ॅल्युमिनियमच्या 11 काड्या आडव्या आहेत, कारण मनोराही लहरी आडव्याच सोडतो. मागची काडी सगळ्यांत लांब, लहर परतवणारी. तिच्यापुढं दुमडलेली, वायर जोडलेली. पुढच्या नऊ आखूड, सिंहगडाकडं रोखलेल्या. उदा आणि यागी या जपानी संशोधकांची 1926 ची ही रचना मामांनी करवत आणि मोजपट्टी घेऊन घडवली. क्षीण लहरी वाढवणारा बूस्टर त्यांनी पाइपाच्या टोकालाच बांधलाय. खाली येईस्तोवर वायरच अर्धा जीव खाते, मग तिथं बूस्टर लावला तर पडद्यावरच्या मुंग्याच मोठ्या होतात, चित्र नाही.

"जा खाली. दिसलं की हाक मार."

खाली माजघरात पाय ठेवायला जागा नाही. टपाल कचेरीतून लायसन काढलेला लाकडी पेटीतला टीव्ही खरखरतोय. पडदाभर मुंग्या.

"मामा, अजून नाही!"

वर पाइप कुरकुरतो. अँटेना बोटभर फिरली असेल. मुंग्यांतून एक पांढरी आकृती वर येते, विरते, पुन्हा येते.

"आलं! मामा, तिथंच धरा!"

लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या 183 धावा झाल्यात. वेस्ट इंडीजचा रिचर्ड्स सुटलाय, माजघर गप्प आहे. वारं जोर धरतं, चित्र फाटतं, सांधतं. मदनलालचा चेंडू उंच उडतो आणि कर्णधार कपिल पाठमोरा धावत सुटतो. पडद्यावर चेंडू दिसतच नाही. दिसतो तो धावणारा माणूस आणि मग त्याचे वर गेलेले हात.

माजघर उसळतं. तुम्ही जिना चढून गच्चीवर येता. अंधारात मामा दोन्ही हातांनी पाइप कवटाळून उभे आहेत, वाऱ्यानं काड्या हलू नयेत म्हणून. ते कधीपासून तसे आहेत, हे तुमच्या आत्ता लक्षात येतं. सगळ्या आळीला दिसलेलं त्यांनी काहीच पाहिलेलं नाही.

"काय झालं रे?"

"कपिलनं झेल घेतला, मामा! रिचर्ड्स गेला!"

मामा हसतात, पण हात सोडत नाहीत. तुम्ही शेजारी जाऊन पाइपाला हात लावता.

"मी धरतो. तुम्ही बघून या."