पेढीवरचा धर्मादाय

दुकानांत चार जिन्नस घेऊन आपण पैसे देण्यासाठीं उभे असतों. दुकानदार रकमेचा आंकडा सांगतो आणि त्याच दमांत विचारतो, "अमुक धर्मकार्यासाठीं एक रुपया वाढवून घेऊं का?" मागें रांग ताटकळत असते. नाहीं म्हणावयास जीभ रेटत नाहीं. आणि होय म्हटलें, तर आपण दान केलें कीं एका रुपयाच्या मोलानें संकोच टाळला, हें आपलें आपल्यासच उमगत नाहीं. ही रीति पुष्कळांस परदेशांतून आलेली वाटते. वस्तुतः खरेदीविक्रीच्या पाठीवर दान चढविण्याची कल्पना आपल्या पेठांना फार जुनी आहे. तिचें नांव धर्मादाय. तिचा इतिहास पाहिला, म्हणजे आजच्या या संकोचाचें मूळ कोठें आहे तें ध्यानांत येतें.

अडत्याच्या पट्टीवर मालाच्या किंमतीखालीं हमाली, तोलाई, दलाली, अडत अशा रकमा मांडलेल्या असत. त्यांच्याच ओळींत एक बारीकशी रक्कम धर्मादायाची असे. पोत्यामागें किंवा गांठीमागें तिचा दर ठरलेला. एका सौद्यांत ती कोणास जाणवत नसे. परंतु हंगामभर साचली म्हणजे तिच्यावर गोशाळा, पाणपोया आणि धर्मशाळा चालत.

मुंबईचें पांजरपोळ हें याचें ठळक उदाहरण होय. मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ सालीं मुंबईंत दंगा उसळला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशेठ अमीचंद या दोन बड्या व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें पांजरपोळ उभें राहिलें. एक पारशी, दुसरे जैन. परंतु मुक्या प्राण्यांविषयींची कळवळ दोघांचीही सारखीच. संस्थेच्या नित्य खर्चाची सोय व्हावी म्हणून व्यापारी महाजनांनीं आपल्या व्यापारावर लहानसा लागा बसविला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लागा ठरविणारे महाजन स्वतः त्याच बाजारांत घेणारे-देणारे होते. आपण काय देतों आणि तें कोठें जातें, हें त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतें.

हीच रीति तालुक्याच्या बाजारांत पोंचली, तेव्हां तिचें रूप पालटलें. तेथें माल घेऊन येणारा शेतकरी बहुधा त्याच अडत्याचा ऋणको असे. पट्टी लिहिणारा दुसरा आणि रक्कम सोसणारा दुसरा! गोशाळा चांगली कीं वाईट हा तेथें प्रश्नच नव्हता. त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. त्याच्या घामाच्या पैशांतून रक्कम कापावयाची आणि धर्मशाळेच्या दारावर नांव मात्र पेढीचें कोरावयाचें, यालाच आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात. बाजारांतील अशा मनमानी वजावटींविरुद्ध पुढें कायदे झाले. वऱ्हाडांत १८९७ सालींच कापूस व धान्य बाजारांचा कायदा होता. मुंबई इलाख्यांत कापसाच्या बाजारांसाठीं १९२७ सालीं आणि एकंदर शेतमालासाठीं १९३९ सालीं कायदा आला. मधल्या काळांत, १९२८ सालीं, शेतकीविषयक राजकमिशनानेंही नियंत्रित बाजारांची शिफारस केली होती.

पण वजा केलेला धर्मादाय शेवटीं कोणाचा? या प्रश्नाला न्यायालयांनाही बराच काळ लागला. १८९९ सालीं मुंबईच्या एका मृत्युपत्राच्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें असा निवाडा दिला कीं, नुसत्या 'धरम' या शब्दासाठीं ठेवलेली देणगी संदिग्ध म्हणून रद्द होय. आपल्या लोकांना जो शब्द सर्वांत स्पष्ट वाटत होता, तोच न्यायासनाला सर्वांत अंधुक वाटला! मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानें १९५० सालीं ही उणीव भरून काढली. आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याच्या ५४ व्या कलमांत धर्मादायाचा स्वतंत्र विचार आहे. धंद्याच्या रूढीनें किंवा करारानें धर्मकार्यासाठीं म्हणून जी रक्कम घेतली जाते, ती घेणाऱ्याच्या हातीं मालक म्हणून नव्हे, तर विश्वस्त म्हणून राहते, आणि हिशेबाचें वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तिचा हिशेब धर्मादाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो.

प्राप्तिकराच्या बाबतींत हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच तत्त्व उचलून धरलें. गिऱ्हाइकांकडून धर्मादाय म्हणून वेगळी घेतलेली रक्कम ही गिरणीची कमाई नव्हे. ती पहिल्यापासूनच दानाच्या कामीं बांधलेली आहे. २०१९ सालीं नाशिक विभागांतील एका कारखानदाराच्या खटल्यांत, धर्मादाय हा मालाच्या किंमतीचा भाग नसल्यानें त्यावर उत्पादन शुल्क बसत नाहीं, असेंही ठरलें. मात्र १९७८ च्या निकालांतील एक मुद्दा विचार करावयास लावणारा आहे. गिऱ्हाइकाला ही रक्कम देणें भागच होतें, तरी तेवढ्यानें तिचें धर्मादायपण जात नाहीं, असें न्यायालयानें मानलें. कराच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. कारण रक्कम कोणाची, एवढाच तेथें प्रश्न होता. परंतु नीतीचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीं उभा असतो. जें दिल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्याला दान म्हणावें काय?

याच्याशेजारीं अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड ठेवून पाहावा. तोही थेंबाथेंबानेंच जमविलेला. पण पैसा देणाऱ्याला तो कशासाठीं मागितला जात आहे हें ठाऊक होतें, न देण्याची मोकळीक होती, आणि १९०८ सालीं तळेगांवास निघालेला कांचेचा कारखाना कोणासही जाऊन पाहतां येत होता. रक्कम एका पैशाचीच. पण ती देणाऱ्याच्या मनांतून निघाली होती.

तेव्हां दुकानांतल्या त्या एका रुपयाचा निवाडा रकमेवरून करूं नये. दुकानदारानें रांगेसमोर तोंडी विचारण्याऐवजीं पेटी बाजूस ठेवावी, पैसा कोणत्या संस्थेस जातो तें तिच्यावर ठळक लिहावें, वर्षाअखेर किती जमले व किती पोंचते केले याचा कागद त्याच भिंतीवर लावावा, आणि त्या रकमेचें श्रेय आपल्या दुकानाच्या नांवावर मांडूं नये. ज्याला द्यावयाचें असेल तो हात पुढें करील. ज्याला द्यावयाचें नसेल, त्याच्याजवळही कदाचित् त्या दिवशीं घरीं न्यावयाच्या औषधाचा हिशेब असेल. तो मान खालीं न घालतां बाहेर पडला पाहिजे. गरजवंताचा मान राखण्यासाठीं आपण दान करतों. तें मागतांना दुसऱ्या गरजवंताचा मान जाऊं नये, एवढी काळजी धर्मादाय गोळा करणारानें घेतलीच पाहिजे.