सकळ लिपी आणि संगणकीय कूटलेखन : परवान्याच्या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू

हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती कूटबद्ध करण्यासाठी परवाना विकत घ्यावा की मोफत आज्ञावली वापरावी, या प्रश्नाला बीड जिल्ह्यात जुना संदर्भ आहे. गेवराई तालुक्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत जतन केले. अक्षरांची अदलाबदल हेच त्यांचे कुलूप. ती रीत पंथीयांनाच ठाऊक असे. परिणामी ‘लीळाचरित्रा’सारखे आद्य मराठी गद्य कित्येक शतके इतरांस अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि एका उकलीने त्या लिपीतील पोथ्यांचा मार्ग मोकळा झाला.

रीत गुप्त राखण्यातील हा धोका केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच ओळखला होता : रीत उघड असली तरी चालावे, गुप्त राहावी ती किल्ली. १९९९ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेली ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’ ही मोफत आज्ञावली याच तत्त्वावर उभी आहे. तिची संहिता कोणासही तपासता येते. सशुल्क आज्ञावल्याही बहुधा तीच जाहीर गणिते वापरतात. शुल्क मुख्यत्वे सोय व साहाय्याचे. किल्ली हरवल्यास दोन्ही सारख्याच; तेथे राजवाडेही हतबल ठरतील. ग्रंथालयापुढील खरा प्रश्न वेगळाच आहे : परवाना देणारी कंपनी उद्या बंद पडली, तर तिच्याच बंदिस्त स्वरूपात ठेवलेली पोथी कशाने उघडावी?