कॅनाबिनॉइड ग्राही व औषधे : इतिहास

भांग, गांजा व चरस ह्यांतील कॅनाबिनॉइड संयुगे शरीरातील ज्या विशिष्ट प्रथिनांशी संयोग पावून आपला परिणाम घडवितात, त्यांना कॅनाबिनॉइड ग्राही म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या विकारात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच तंत्रिका तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. अशा विकारांत ह्या ग्राहींवर नेमकेपणाने क्रिया करणारी औषधे शोधली जात आहेत. मादकता टाळून औषधी गुण तेवढा कसा मिळवावा, हा त्यामागील मूळ प्रश्न होय.

आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात. १८३९ मध्ये डब्ल्यू. बी. ओशॉनेसी ह्यांनी कलकत्त्यात धनुर्वात, संधिवात व आकडी ह्यांवरील भांगेच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. शासनाच्या लेखी मात्र ही मुख्यतः अबकारीची बाब होती. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा (स्थापना १९९९) प्रदेश त्या काळी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडे. ह्या प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील खांडवा भागापुरती मर्यादित होती व विक्री परवान्याने होई. १८९३-९४ च्या भारतीय भांग आयोगाने सुमारे १,२०० साक्षीदार तपासले. माफक सेवन सामान्यतः अपायकारक नसते, असा निष्कर्ष काढून त्याने संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. ह्या द्रव्यांची क्रिया शरीरात कशी घडते, हे मात्र तेव्हा अज्ञातच होते.

१९६४ मध्ये इझ्राएलमध्ये वाय. गाओनी व राफाएल मेकूलम ह्यांनी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा मुख्य मादक घटक शुद्ध रूपात वेगळा करून त्याची संरचना ठरविली. १९८८ मध्ये उंदराच्या मेंदूत ह्या संयुगांचा ग्राही असल्याचा पुरावा मिळाला. १९९० मध्ये सीबी-१ व १९९३ मध्ये सीबी-२ ह्या ग्राहींच्या जनुकांची ओळख पटली. पहिला प्रामुख्याने मेंदूत, तर दुसरा मुख्यतः प्रतिरक्षा कोशिकांत आढळतो. १९९२ मध्ये शरीरातच निर्माण होणारे एक संयुग सापडले. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याला आनंदामाइड हे नाव देण्यात आले.

केवळ सीबी-२ वर क्रिया करणारे संयुग मादक ठरणार नाही, ही कल्पना ह्यातून पुढे आली. तथापि प्रश्न इतका सोपा नाही. स्नायूंचा ताठरपणा मुख्यतः सीबी-१ मुळे कमी होतो आणि मादकताही त्याच ग्राहीमुळे येते. उंदरांमधील प्रायोगिक विकार आटोक्यात ठेवण्यासाठी तंत्रिका कोशिकांतील सीबी-१ व प्रतिरक्षा कोशिकांतील सीबी-२ हे दोन्ही आवश्यक असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. नॅबिक्सिमॉल्स ह्या तोंडात फवारण्याच्या औषधास ह्या रोगातील तंत्रिकाजन्य वेदनेसाठी कॅनडात २००५ मध्ये, तर ताठरपणासाठी ब्रिटनमध्ये २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते वनस्पतीच्या अर्कापासूनच बनवितात व निवडक क्रियेचे नाही. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलच्या गोळ्यांनी रोगाची वाढ मंदावत नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आढळले. सीबी-१ रोखणारे रिमोनाबंट हे स्थूलतेवरील औषध नैराश्यादी मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ मध्ये यूरोपात मागे घ्यावे लागले.

भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस ह्यांवर कडक निर्बंध घातले; मात्र वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांसाठी परवान्याची तरतूद ठेवली. वेदना व ताठरपणा ह्यांपासून आराम देणे साधले असले, तरी रोगाची मूळ प्रक्रिया थांबविणारे निवडक कॅनाबिनॉइड औषध अद्याप उपचारात आलेले नाही.