आषाढात मागं राहिलेल्यांची पंढरी



दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा, तर चालणाऱ्यांचाच लिहिला जातो. पण आपल्या झाडीपट्टीत आषाढ म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. घरातला एक जण पताका घेऊन निघतो, तेव्हा बाकीचे बांधीत वाकलेले असतात. ते राहतात म्हणून हा जातो. त्या मागं राहिलेल्यांनी देव कुठं पाहिला, तेही या स्मरणिकेत यायला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

धानोऱ्याच्या जंगलाचं पाणी घेऊन कठाणी नदी गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. पुढं मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिथं काठावर कोरीव दगडाची महादेवाची मंदिरं आहेत. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मग वैनगंगा-वर्धेची प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत मिसळते. आमचं पाणी चंद्रभागेला जात नाही, हे खरं. पण ज्या गोदेच्या काठी वर पैठणला नाथमहाराज राहिले, त्याच गोदेला ते जातं.

चंद्रपूर शहराचंही तसंच. आम्ही आषाढात पश्चिमेला जातो, तर चैत्रात मराठवाड्यातले भाविक महाकालीच्या दर्शनाला आमच्याकडं येतात. गोंडराजांच्या परकोटातल्या त्या शहरात गर्दी मावत नाही. कुणाचं घर ते कुणाचं तीर्थ!

आणि जंगल? गोंड बांधवांचे पेन झाडाखाली बसतात. त्यांना कळस लागत नाही. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ते जंगल ग्रामसभेत एकमतानं निर्णय घेऊन राखलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. वाद न घालता सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, हे काही सोपं नाही. आमच्या दिंडीच्या बैठकीत आम्हाला ते ठाऊक आहे!

विठोबा पंढरीला उभा आहे, तिथं आम्ही जाऊच. पण परत आल्यावर नदीत घाण टाकली, देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावली, तर पायी गेलो कशाला? दुसरं शतक सुरू होताना चालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आणि रोवणीत वाकलेल्या माऊलींना आधी दंडवत घालूनच दिंडी हलवावी.