नभोवाणीवरील तबकडी-संगीत : गतीची चूक आणि इतिहासाचे साधन

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. प्रत्यक्ष प्रक्षेपित गायनातील चूक हवेत विरून जाते. ध्वनिमुद्रित कार्यक्रमातील चूक मात्र प्रत्येक पुनःप्रक्षेपणात टिकून राहते आणि कालांतराने पुरावा म्हणून स्वीकारली जाते. जुन्या तबकड्यांच्या गतीसंबंधीची चूक याच प्रकारची असल्याने प्रस्तुत निबंधात तिचा विचार केला आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी तबकडी फिरण्याची गती प्रमाणित नव्हती. मिनिटाला ७८ फेऱ्या हे प्रमाण पुढे रूढ झाले. समजा, ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर पांढरी पाचची पट्टी जवळजवळ काळी चारवर जाते आणि लय सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. स्वरांतरे कायम राहत असल्याने राग बदलत नाही. म्हणूनच जाणकार श्रोत्यालाही ही चूक सहसा जाणवत नाही. मात्र अशा प्रक्षेपणावरून गायकाची पट्टी किंवा घराण्याची लय ठरविणाऱ्या अभ्यासकाचा निष्कर्ष चुकतो. संगणकीय प्रत याच गतीने केल्यास दोष कायमचा होतो.

लिखित कागदपत्रांप्रमाणे ध्वनीचीही साधनचिकित्सा आवश्यक आहे. उद्घोषणेत मूळ तबकडीचा क्रमांक, मुद्रणवर्ष आणि वाजविण्याची गती सांगितली गेली, तर संगीताच्या इतिहासलेखनास विश्वसनीय आधार मिळेल.