पत्रकारिता शिक्षणाची वाटचाल : छापखान्यापासून ऑनलाइन अध्यापनापर्यंत
(ग्रामीण नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी पत्रकारितेचा पाया घातला गेला. जांभेकर हे पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. म्हणजेच मराठी पत्रकारिता आणि अध्यापन यांचे नाते आरंभापासूनचे आहे. असे असले तरी पत्रकारितेचे रीतसर शिक्षण सुरू होण्यास महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आज समाजमाध्यमे व ऑनलाइन अध्यापन यांमुळे या शिक्षणाचे स्वरूप पुन्हा बदलत आहे. या बदलाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील पत्रकारिता शिक्षणाच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
२) समाजमाध्यमांमुळे निर्माण झालेल्या नव्या गरजा स्पष्ट करणे.
३) ग्रामीण महाविद्यालयांतील ऑनलाइन अध्यापनाच्या मर्यादा व शक्यता तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) छापखाना हीच शाळा : १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’, १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ आणि १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. या पत्रांच्या संपादकांपैकी कोणीही पत्रकारितेची पदवी घेतलेली नव्हती. नवशिक्या बातमीदार संपादकाच्या हाताखाली घडत असे. लिहिलेला मजकूर तपासला जाई, खोडला जाई, पुन्हा लिहावा लागे. ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून निघत असे. ग्रामीण भागही पत्रकारितेचे केंद्र होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यात ‘गावकरी’ व ‘देशदूत’ या दैनिकांनी तालुक्याच्या ठिकाणच्या बातमीला स्थान दिले.

२) विद्यापीठीय शिक्षण : पंजाब विद्यापीठाने १९४१ मध्ये लाहोर येथे पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सले यांच्या पुढाकाराने हा विभाग आकारास आला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला, तर दिल्लीत १९६५ मध्ये भारतीय जनसंचार संस्थेची स्थापना झाली. यामुळे माध्यमविषयक कायदे, इतिहास व संज्ञापनाचे सिद्धांत यांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. मात्र हे शिक्षण प्रामुख्याने शहरांपुरते मर्यादित राहिले.

३) दूरशिक्षण : ही मर्यादा ओलांडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न नाशिकमधूनच झाला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वृत्तपत्रविद्येचे शिक्षण अभ्यासकेंद्रांमार्फत गावोगावी नेले. नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांना त्याचा लाभ झाला. तथापि, संपादकाच्या टेबलासमोर बसून मिळणारी दुरुस्ती पुस्तकातून मिळत नाही, ही अडचण तेव्हापासूनच जाणवू लागली.

४) समाजमाध्यमांचे आव्हान : फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५) व व्हॉट्सअ‍ॅप (२००९) यांनी वाचकालाच प्रसारक बनविले. बातमी व वाचक यांच्यामध्ये उभा असलेला संपादक या व्यवहारातून वगळला गेला. त्याचे परिणाम उत्तर महाराष्ट्राने अनुभवले आहेत. बागलाणला लागून असलेल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. भिक्षा मागून जगणाऱ्या या निरपराध माणसांचा बळी मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. परंतु तांत्रिक मर्यादा हा विवेकाला पर्याय ठरू शकत नाही.

दुसरे उदाहरण आर्थिक आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी होती. ती उठल्याच्या वृत्तामुळे लासलगाव बाजारात १७ फेब्रुवारी २०२४ रोजी क्विंटलला १,२८० रुपये असलेला भाव १९ फेब्रुवारीला १,८०० रुपयांवर गेला. दुसऱ्याच दिवशी बंदी ३१ मार्चपर्यंत कायम असल्याचा खुलासा केंद्र शासनाला करावा लागला. मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत अशा बातमीचा अर्थ थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतो. माल आज काढावा की थांबावे, हा निर्णय तो त्या बातमीवर घेतो. बातमी पडताळणे ही येथे केवळ व्यावसायिक नीती नसून उपजीविकेचा प्रश्न आहे.

५) ऑनलाइन अध्यापन : मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वर्ग बंद झाले व अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले. ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ २०१७ पासूनच उपलब्ध होते. मात्र घरातील एकच स्मार्टफोन, अपुरी रेंज व शेतीची कामे यांमुळे ग्रामीण विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, मागे राहिल्या. दुसरीकडे, दूरच्या तज्ज्ञाचे व्याख्यान खेड्यातील विद्यार्थ्याला प्रथमच ऐकता आले. हा अनुभव पत्रकारितेच्या अध्यापनासाठी महत्त्वाचा आहे. कायदा, इतिहास व सिद्धांत ऑनलाइन शिकविता येतात. परंतु बाजार समितीत जाऊन भाव विचारणे, ग्रामसभेचे वार्तांकन करणे, दोन्ही बाजू ऐकून घेणे हे प्रत्यक्ष गेल्यावाचून येत नाही.

निष्कर्ष :

१) माध्यमाच्या प्रत्येक बदलाबरोबर शिक्षणाचा विस्तार झाला, पण प्रत्यक्ष दुरुस्तीची जुनी परंपरा क्षीण होत गेली.
२) प्रत्येक मोबाइलधारक प्रसारक झाल्याने बातमीच्या पडताळणीचे शिक्षण पत्रकारिता विभागापुरते न ठेवता सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना देणे आवश्यक आहे.
३) ऑनलाइन अध्यापन हे क्षेत्रकार्याला पर्याय नसून पूरक साधन आहे. सिद्धांत पडद्यावर व सराव गावात, अशी विभागणी ग्रामीण महाविद्यालयांना परवडणारी आहे.
४) बागलाण परिसरात अहिराणी ही घरातील भाषा आहे. अफवा ज्या भाषेत पसरते, त्याच भाषेत तिचे निराकरण करू शकणारे विद्यार्थी घडविणे, ही ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी ठरते.

जांभेकरांच्या काळात छापील शब्द दुर्मीळ होता. आज शब्दांचा महापूर आहे. त्या काळी लिहिणारा घडविणे गरजेचे होते, आज त्यासोबत थांबून विचारणारा वाचक घडविणेही तितकेच गरजेचे आहे. राईनपाड्यात असा प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर पाच जीव वाचू शकले असते.